मांडीवर न्यायची डिस्क

मंगळवारी भर दुपारी तू घरात येऊन गेलीस आणि घोटभर पाणी न पिता निघून गेलीस. मी समोरच बसले होते, सुपात डाळ घेऊन. कोनाड्यातल्या तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या पेटीचा निळा दिवा लुकलुकायला लागला तसं मला कळलं, पुनम आली. तुझा बाप सेनगावच्या स्टुडिओत, तुझी आई रानात, घरात मी एकटी. मग पुण्यात बसून ती पेटी उघडणारं दुसरं आहे कोण? मला वाटलं आता फोन वाजंल, ‘आजी, काय करून राहिलीस’ म्हणशील. कशाचं काय! सुपातले खडे निवडून होईस्तोवर दिवा लुकलुकला, पेटी घुमली, आणि गप. संध्याकाळी तुझा बाप सांगतो, पुनमनं तिकडूनच पेटीचं काम करून टाकलं, आता तिला त्यासाठी यायची गरज न्हाई. वर मोठ्या आनंदानं सांगतो! दारातून आत येऊन माणसाशी न बोलता जाणाऱ्याला आमच्यात मांजर म्हणतात. आणि मांजर सुद्धा दूध पिऊन जातं.

प्रिय पुनम, हे आधी बोलून घेतलं, न्हाईतर पुढचं सगळं पत्र कडू झालं असतं. आता आशीर्वाद घे. जावईबापूंना आशीर्वाद सांग, तुझ्या सासू-सासऱ्यांना नमस्कार सांग. पत्र बघून हसशील की घरात तीन फोन असताना म्हातारी कागद घेऊन काहून बसली. फोनवर तू ‘आजी, मीटिंग आहे’ म्हणतेस आणि माझं बोलणं अर्ध्यात कापतेस. कागदाला मीटिंग नसते. मला शाळा दुसरीपर्यंत, अक्षर बैल मुतल्यासारखं वाकडंतिकडं, तरी सगळं मी माझ्या हातानं लिहून राहिले. तुझी आई म्हणत होती, आत्याबाई, तुमी सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, तू लिहिशील तर मधले शिव्याशाप गाळशील. हे पत्र तुझ्या सासूबाईंनी आधी फोडलं तरी माझी हरकत न्हाई. उलट त्यांनीच आधी वाचावं.

घरची खुशाली म्हणशील तर सगळं झ्याक. म्हैस व्याली, रेडी झाली. हळदीची पानं पिवळी पडायला लागली आहेत, यंदा गड्डे चांगले भरतील असं दिसतं. ज्वारी हुरड्यावर येते आहे. तुझा बाप तुळशीचं लग्न लागल्यापासून घरात जेवायला सुद्धा सापडत न्हाई. आज ह्या गावाला हळद, उद्या त्या गावाला लग्न, खांद्यावर कॅमेरा, खिशात बॅटऱ्या. दुसऱ्याच्या मांडवात पोटभर जेवून येतो आणि घरी आल्यावर म्हणतो, भाजीत मीठ कमी होतं. मिनानं, म्हणजे तुझ्या मायनं, परवा त्याला सांगितलं, मग तिथंच राहा, घरजावई करून घेत असतील तर. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या.

ती पेटी तू लग्नाआधी बसवून दिलीस तेव्हा मी तुला नावं ठेवली होती, ते खरं. पोरगी सासरी निघाली आणि रुखवताचं करायचं सोडून काळ्या डब्याला वायरी जोडत बसली, असं मी चार बायांत बोलले. तुझा बाप जवानीपासून शूटिंगवाला. आधी त्या मोठ्या क्यासेटी, मग चकत्या, मग बोटाएवढे पेनड्राइव्ह. त्यातल्या अर्ध्या क्यासेटींना बुरशी लागली होती, एका चकतीवर तर तुझ्या मायनं भाजीचा टोप ठेवला होता. तू ते सगळं गोळा करून त्या पेटीत घातलंस. आता घरातल्या टीव्हीवर कुणाचंही लग्न लावता येतं. तांड्यावरची रूपाबाई आली होती, तिला आपल्या लग्नात कोणता घागरा घातला होता तेवढंच बघायचं होतं. बघते तर काय, तिला निरोप देताना तिची माय रडली, बहिणी रडल्या, आणि सगळ्यात मोठ्यानं रडत होता तिचा नवरा! नवरदेव! रूपाबाई म्हणाली, ‘बघा, त्याला तवाच कळलं व्हतं.’ तेव्हापासून तो गडी आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जातो.

पण पेटीत दोन डिस्का आहेत, जे एकीवर तेच दुसरीवर, म्हणून तुझ्या बापाला वाटलं आता काळजी न्हाई. एक मेली तर दुसरी आहे. तू त्याला बजावलं होतंस की बाबा, याला बॅकअप म्हणत न्हाईत. त्यानं ‘व्हय व्हय’ केलं. तुझा बाप दोनदा ‘व्हय’ म्हणाला की समजावं, त्यानं ऐकलं न्हाई. दिवाळी आली. घरोघर झाडलोट, भिंती सारवणं, माळ्यावरची भांडी खाली. तुझ्या बापाच्या डोक्यात आलं, लक्ष्मी यायची तर पेटी पण साफ पाहिजे. बसला पाट टाकून. हे जुनं, हे दोनदा आलेलं, हे खराब, असं करत पुसत गेला, आणि पुसलेलं ज्या कचऱ्याच्या टोपलीत जातं म्हणे, ती टोपली पण रिकामी करून मोकळा झाला. माणसानं इतकं टापटीप असू नये. त्या झाडलोटीत गंगूताईच्या थोरल्या पोराचं लग्न गेलं. दोन्ही डिस्कांवरून एकदम. मला हे लगेच कळलं बरं का. एका जुवाला जुंपलेले दोन बैल, एक विहिरीत गेला तर दुसरा काठावर उभा राहून बघत न्हाई.

आणि गेलं ते गेलं, पण नेमकं गंगूताईचं! तुला ती माहीत आहे, शेजारी राहून आमचं भांडं वाजलं तरी कान देते. तिची नवी सोयरीक आली होती आणि तिला त्यांना थोरल्याच्या लग्नातली वरात दाखवायची होती, घोडा, बँड, सगळा थाट. पाहुणे आमच्या ओसरीवर, हातात चहा, आणि टीव्हीवर काही येईना. तुझ्या बापाचं तोंड पांढरं. गंगूताई कमरेवर हात ठेवून म्हणते, ‘भागवत, माझ्या पोराचं लगन पुसलं तू. आता पुन्यांदा लावून दे. घोडा बी तूच आन.’ पाहुणे हसायला लागले म्हणून बरं, न्हाईतर सोयरीक मोडली असती. चार दिवस तिनं आमच्याकडं ताक मागितलं न्हाई, यावरून समज किती राग होता.

मग ते लग्न सापडलं कुठं, तर नरसीला. गंगूताईची लेक तिथं दिली आहे. भावाच्या लग्नानंतर सासरी जाताना तिनं शिदोरीच्या डब्याखाली भावाच्या लग्नाची चकती ठेवून नेली होती, सासूला दाखवायला. सासूनं एकदा बघितली आणि गोधड्यांच्या पेटीत टाकून दिली. तुझा बाप मोटरसायकलवर गेला, चकती घेऊन आला, लग्न पुन्हा पेटीत गेलं. गंगूताई त्या दिवशी ताक मागायला आली ती मोठा तांब्या घेऊन आली. चार दिवसांचं एकदम.

तू फोनवर हे ऐकलंस आणि तुला तर जोरच आला. म्हणालीस, आजी, मी हेच सांगत होते. तिसरी एक प्रत पाहिजे, वेगळ्या डिस्कवर. ती डिस्क पेटीला कायम जोडलेली नको, काम झालं की काढून ठेवायची. आणि ती ह्या घरात नको, दुसऱ्या घरात पाहिजे, म्हणजे वीज पडली, चोर आले, न्हाईतर बाबांनी पुन्हा दिवाळी केली तरी ती सुरक्षित. दर तीन-चार महिन्यांनी आणायची, पेटीला जोडायची, नवी लग्नं भरायची, पुन्हा न्यायची. हे सगळं तू बोललीस, मी न्हाई. ध्यानात ठेव.

तू आधी म्हणालीस, इंटरनेटवरून तिकडं कुठंतरी चढवून ठेवू. तुझ्या बापानं सुरू केलं. पाइपलाइनवाल्यांनी खोदताना गावाची तार तोडली, ती जोडेपर्यंत एक हळदीचा कार्यक्रम सुद्धा पुरता चढला न्हाई. मग म्हणालीस, मी ऑनलाइन डिस्क मागवते, घरपोच येईल. मी तुला तेव्हाच बोलले, घरपोच सगळं येतं, तूच तेवढी येत न्हाईस. तू हसलीस. मी हसायला बोलले नव्हते. पंचमीला आली न्हाईस, ऑफिस. दिवाळसणाला आलात ते एका मुक्कामासाठी, आणि त्यातला अर्धा वेळ तुझा लॅपटॉप मांडीवर. मी करंज्या तळून आणल्या तर म्हणालीस, आजी, ठेव, हात तेलकट होतील. मी तुला नावं ठेवून राहिले असं समजू नको. काम करणारी पोरगी आहेस, मला अभिमान आहे. फक्त करंजी गरमच खायची असते.

तर डिस्क निवडायला तुझ्या बापासोबत मी पण हिंगोलीला गेले. तुझा बाप नको नको म्हणत होता, आई, तुला त्यातलं काय कळतं. मी म्हटलं, तुझ्या लग्नाला बायको मी निवडली, म्हशी मी निवडल्या, एक तरी वाया गेली का? तुझी आई आतून म्हणाली, ‘आत्याबाई, मला म्हशीच्या आधी घेतलं, उपकार झाले.’ एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत वसरामचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. माणूस बोलायला गोड. मला मावशी मावशी करत खुर्ची दिली आणि काचेवर तीन डिस्का मांडल्या, बांगड्या मांडतात तशा.

पहिली विटेएवढी, तिला तिचा वेगळा प्लग. जागा भरपूर. तुझ्या बापाला तीच पसंत. मी नको म्हटलं. तिला प्लग आहे म्हणजे हा माणूस ती कोनाड्यात लावून ठेवणार आणि पुन्हा काढणार न्हाई. दावणीला बांधलेलं जनावर, वीज पडली की पेटीसोबत तिचंही चांगभलं. दुसरी सपाट, बिस्किटासारखी, आत काहीच फिरत न्हाई म्हणे. वसरामनं ती टेबलावर आपटून दाखवली. ‘मावशी, हीच घ्या. पडू द्या, आदळू द्या, काय तकलीफ न्हाई. कॉपी बी झटक्यात होते.’ आपल्या मापाची तशी घेतली तर महाग पडत होती, पण तुझा बाप तयार होता. वसराम सरळ माणूस, त्यानं एवढंही सांगितलं की ती वर्षानुवर्षं नुसती कपाटात टाकून ठेवली तर आतलं उडण्याची भीती असते. पण आपण दर तीन-चार महिन्यांनी जोडणार म्हटल्यावर त्याचं म्हणणं, मग काही डर न्हाई.

तिसरी मधली. तळहाताएवढी, जाड, पेटीच्याच वायरीवर चालणारी, आणि जागा पेटीत जेवढं भरलं आहे त्याच्या दुप्पट. हे माप तूच सांगितलं होतंस, धान्यापेक्षा पोतं मोठं असावं, म्हणजे नवं भरताना जुनं सांडत न्हाई. वसरामनं ती त्याच्या कॉम्प्युटरला लावली. मी कान लावला. आत बारीक गरगर चालली होती, पहाटे दुसऱ्या आळीत जातं फिरतं तशी. वसराम म्हणाला, ‘मावशी, ही जुन्या पद्धतीची. आत ताटली फिरते. हिला धक्का चालत न्हाई.’ मी विचारलं, अजिबात न्हाई? ‘पोष्टानं, कुरिअरनं पाठवाल तर माझा भरवसा न्हाई. ते लोक सामान फेकतात. हातात धरून, मांडीवर घेऊन न्यावी लागते.’ तेवढ्यात तुझ्या बापानं तुला फोन लावला. तू म्हणालीस, ‘आजी, बिस्किटवाली घे ना! बाबा भरतील, पाकिटात घालून कुरिअर करतील, मी इथं ठेवते. भरायची वेळ आली की मी परत कुरिअर करीन. कुणाला काही त्रास नको.’

मी वसरामला म्हटलं, ती गरगरणारी बांध.

काय हसले सगळे! वसराम म्हणाला, ‘मावशीला जात्याची आठवण झाली.’ तुझा बाप बसमध्ये कुणाकुणाला सांगत होता. तू फोनवर म्हणालीस, आजी म्हणजे ना! डिस्क माझ्या मांडीवर, पदराखाली. सेनगावपर्यंत रस्ता असा की माणसाच्या आत पण ताटली फिरते, तरी तिला मी एक हिसका बसू दिला न्हाई. बाजूच्या बाईनं विचारलं, मावशी, पदरात काय, कोंबडीचं पिल्लू? मी म्हटलं, न्हाई, तालुक्याची लग्नं.

घरी आल्यावर मी तिला हळदकुंकू लावायला गेले तर तुझा बाप वीज लागल्यासारखा ओरडला, आई, वायरीच्या भोकात नको! मला काय खुळी समजतो? वरच लावलं. नवी वस्तू घरात आली की हळद लागतेच. मग त्यानं ती पेटीच्या निळ्या तोंडाला जोडली आणि भरायला लावली. आख्खा दिवस भरत होती, दुसऱ्या दिवशी दुपारी कुठं झाली. आधी कुलूप लावून घ्यावं लागतं म्हणे, कारण ती घराबाहेर राहणार, कुणाच्या हाती पडली तर उघडायला नको. तुझा बाप म्हणाला, आई, असा शब्द सांग की जो तू विसरणार न्हाईस आणि तुझ्या तोंडून कुणी ऐकला नसंल. मी म्हटलं, मग तुझ्या बापाचं नाव लाव. जन्मात घेतलं न्हाई मी ते. तो म्हणतो, नुसतं नाव, का पुढं राव? आता आली का पंचाईत! सांगायचं तर तोंडानं घ्यावं लागतं. तुझी आई म्हणाली, आत्याबाई, उखाण्यात घ्या. मग काय, घेतला:

कापसाची वात, तुरीची डाळ,
…रावांचं नाव घेते, पेटी, तू लग्नं सांभाळ!

खणखणीत आवाजात घेतला. तुझी आई टाळ्या वाजवायला लागली, आणि ओसरीवरून गंगूताईचा आवाज आला, ‘बाई बाई बाई, सखुबाईनं नाव घेतलं!’ ती ताक घ्यायला आली होती. गेलं कुलूप. तुझ्या बापानं डोक्याला हात लावला आणि दुसराच शब्द टाकला. तो मला सांगत न्हाई, म्हणतो तू त्याचाही उखाणा करशील. तुला कळवला आहे म्हणे.

मग तू सांगितलंस की नुसतं भरून चालत न्हाई, उघडून बघावं लागतं, भरलेलं खरंच चालतं का. तुझ्या बापाला वेळ न्हाई. मी म्हटलं, हे काम बाया करतील. त्यानं कुलूप उघडून डिस्क पेटीवरून टीव्हीवर लावून दिली आणि मी निरोप धाडला, ज्यांना आपलं लग्न तपासून घ्यायचं असंल त्यांनी यावं. पुनम, काय सांगू तुला! ओसरी पुरली न्हाई, अंगणात सतरंज्या टाकल्या. एक लग्न लावलं की जिचं लग्न ती पुढं येऊन बसायची आणि बाकीच्या मागून तिचं काढायच्या. अगं, तुझा नवरा इतका बारीक होता? अगं, ही तुझी नणंद तेव्हा तुझ्याशी बोलत होती का? लखमाची बायको आपल्याच वरातीत नाचणाऱ्या दिराला बघून इतकी हसली की तिला उचकी लागली. तुझ्या आईचं लग्न लावलं. तुझा बाप नवरदेव, मग शूटिंग कुणी केलं, तर त्याच्या मित्रानं. त्या बहाद्दरानं सगळं लग्न मांडवाचं छत आणि लोकांच्या चपला असं काढलं आहे. फेरे चालू आहेत आणि दिसतो काय, तर एक कुत्रा भज्याच्या पातेल्याकडं निघालेला. मिना म्हणाली, ‘माझ्या लग्नात कुत्रंच चांगलं आलंय.’ रूपाबाईनं तर तिचा नवरा रडतो तेवढाच तुकडा तीनदा लावायला लावला. डिस्क एकदा पण अडली न्हाई. बराबर चालली.

शेवटी तुझं लग्न लावलं. तू मोठी देखणी दिसतेस, ते मी तुझ्या तोंडावर बोलणार न्हाई, म्हणून इथं लिहिते. जावईबापू घोड्यावर बसताना घाबरले होते, ते स्वच्छ दिसतं. त्यांना सांग, घोडा म्हातारा होता. मग पाठवणी लागली. तू गाडीत बसतेस, तुझी आई दाराला धरून उभी, गंगूताई पदर तोंडात घालून, सगळ्या आत्या, मावशा. अंगणातल्या बाया पुन्हा रडायला लागल्या, जशा त्यांना आत्ताच बातमी कळली. गंगूताईनं मला विचारलं, ‘सखुबाई, तुमी हितं कुठंच दिसत न्हाई. कुठं व्हता?’ मी म्हटलं, भांडी मोजत होते. मांडववाल्यांची भांडी हरवली तर कोण भरून देणार? कुणीतरी मागं थांबावंच लागतं. मी टीव्ही बंद करून बायांना चहा टाकला.

आता राहिलं, ती डिस्क ठेवायची कुठं. गंगूताई स्वतःहून म्हणाली, आमच्याकडं ठेवा. तिच्या नातवांनी त्यात कार्टून भरलं असतं, आणि आमचे पत्रे एकाच वळचणीला लागून, एका पावसात दोन्ही घरं गळतात. स्टुडिओत ठेवावी तर तिथं तुझा बाप आहे. तो म्हणाला, पौषात लग्नं नसतात, मीच पुण्याला नेऊन देतो. मी डिस्क माझ्या लुगड्यात गुंडाळली, ट्रंकेत ठेवली, कुलूप घातलं, किल्ली कमरेला. म्हटलं, बघू कोण नेतो. तो म्हणतो, आई, दोन्ही प्रती एकाच घरात, मग एवढं सगळं केलं कशाला? बरोबर आहे त्याचं. डिस्क ट्रंकेत आहे तोवर ह्या सगळ्या बायांची लग्नं आणि तुझं पण, एका छपराखाली, रामभरोसे.

तर पुनम, एवढं काहून लिहिलं ते आता सांगते. म्हातारीला कळलं न्हाई म्हणून सगळे हसले. मला सगळं कळत होतं. तू पाकिटात घालून कुरिअर करू म्हणालीस, तिथंच माझं ठरलं. जी वस्तू माणसाशिवाय जाऊ-येऊ शकते ती मला नकोच होती. मला अशी पाहिजे होती जिला धक्का चालत न्हाई, जिला कुणीतरी मांडीवर घेऊन बसावं लागतं, जी तारेतून जात न्हाई आणि पोष्टात टाकता येत न्हाई. पूर्वी सासरहून लेकीला आणायला भाऊ जायचा, मुराळी. सासरच्यांना कितीही कामं असोत, दारात आलेल्या मुराळ्याला रिकामं परत धाडायची रीत नव्हती. तुला भाऊ न्हाई. म्हणून मी हिंगोलीच्या दुकानातून तुझ्यासाठी मुराळी निवडून आणला. तो गरगरतो, पण कामाचा आहे. पौष लागला की ये, जावईबापूंना घेऊन ये, हुरडा तेव्हा ऐन भरात असतो. चार दिवस राहा आणि डिस्क घेऊन जा. हळद शिजून वाळून झाली की डिस्क भरायला घेऊन ये. पंचमीला पुन्हा घेऊन ये. नियम तुझाच आहे, मी फक्त पाळून राहिले. लॅपटॉप आणला तरी चालंल, पण मांडी एकच असते, तिच्यावर काय घ्यायचं ते ठरवून ये.

तुझीच,
पेटीसमोर बसलेली आजी

आणि ह्याचं उत्तर तू द्यायचं न्हाई, तू कॅलेंडर बघत बसशील. जावईबापूंनी पण न्हाई, ते तुला विचारतील. उत्तर तुझ्या सासूबाईंनी द्यायचं, त्यांच्या स्वतःच्या हातानं, आणि त्यात तुमी गाडीत कोणत्या दिवशी बसणार तेवढंच लिहायचं.